गाडीचा एसी वीस मिनिटं गार, मग नुसता गरम वारा. आप्पांना डायलिसिसला न्यायचं असतं, काय करू?

हिरण्यकेशीकाठ (संकेश्वर), शनिवार रात्री

नमस्कार मंडळी. प्रश्न गाडीच्या एसीचा आहे, पण आधी घरची गोष्ट सांगतो, म्हणजे मी एवढा घायकुतीला का आलोय ते कळेल.

माझे वडील, आप्पा, वय ७३. दीड वर्ष झालं डायलिसिस चालू आहे, मंगळवार आणि शुक्रवार, बेळगावात. संकेश्वरातून हायवेला लागायचं, हत्तरगीचा टोलनाका, वंटमुरीचा घाट, काकती, की आलं बेळगाव. एका बाजूनं पन्नास किलोमीटर धरा. सकाळी सहाला निघतो तेव्हा हवा गार असते, काचा खाली करून जातो. परत निघायला मात्र दुपारचे अडीच-तीन होतात. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, तिथं झाडाखाली उभं राहिलं तर सुसह्य वाटतं, पण एप्रिलातल्या डांबरावर पत्र्याच्या गाडीत बसलं की उंचीचा काही उपयोग नाही.

आप्पांना डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरच्या आत पाणी सांगितलंय, चहा, आमटी, ताक सगळं त्यात धरून. त्यामुळे उन्हात पाणी पीत राहा हे त्यांना सांगता येत नाही. मशीनवरून उतरल्यावर बीपी आधीच उतरलेला असतो. गेल्या शुक्रवारी वंटमुरीच्या घाटात ते बोलता बोलता गप्प झाले. आरशात बघितलं तर मान कलंडलेली, ओठ पांढरे. गाडी बाजूला घेतली, सीट मागं पाडली, पाय वर उचलून धरले, टॉवेल भिजवून मानेवर ठेवला. दहा मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "घर आलं काय रे?" ती दहा मिनिटं अजून अंगावर येतात. हॉस्पिटलात लगेच फोन करून सांगितलंय. पुढच्या वेळी अर्धा तास झोपवून, बीपी बघूनच सोडतो म्हणालेत. पण गाडीतली गरमी मलाच आवरायला पाहिजे.

आता गाडी. २०१४ ची पेट्रोल, साधी हॅचबॅक, एसीला हातानं फिरवायचे नॉब. ९१,००० किलोमीटर झालेत. मी सेकंडहँड घेतलीय, चार वर्षं झाली.

होतं ते असं. बेळगावातून निघताना एसी लावला की झकास गार. काकती मागं पडते तोवर, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं, काही तक्रार नाही. मग एकदम गरम वारा सुरू. वारा कमी होत नाही, जोर तेवढाच, फक्त गार राहत नाही. हत्तरगीला चहाला थांबून बॉनेट उघडून ठेवलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी चालू केलं की पुन्हा गार. मग पुन्हा दहा मिनिटांत तेच. सकाळी आणि रात्री कितीही चालवा, काही होत नाही.

दोन ठिकाणी दाखवली. पहिल्या मिस्त्रीनं गेज लावला, "गॅस खाली आगेत्री" (गॅस संपलाय) म्हणाला आणि वरून गॅस मारला. १,२०० रुपये घेतले. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्यानं पाच मिनिटं आवाज ऐकला आणि कंप्रेसर गेलाय म्हणून सांगितलं, १९,००० चा खर्च. मी मिरचीच्या अडतीवर हिशेब लिहितो. १९,००० उभे करता येतील, पण ते डायलिसिसच्या पैशातून काढावे लागतील, आणि बदलूनही वीस मिनिटांनी गरमच झालं तर?

कंप्रेसर खरंच गेला असता तर सकाळी गार कसा लागला असता? हे माझ्या डोक्यात बसत नाही. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा. मंगळवारच्या आत काही कळलं तर फार बरं होईल.

---

अथणीचा गडी, शनिवार रात्री

आप्पांची तब्येत आता कशी आहे? पहिल्यांदा ते सांगा.

माझ्या गाडीला गेल्या वर्षी असंच व्हायचं, पण मला सिग्नलला आणि बाजारात गरम लागायचं, मोकळ्या रस्त्यावर गार. आमच्याकडं अथणीला ऊन तुमच्यापेक्षा कडक. शेवटी कंडेन्सरचा, म्हणजे पुढच्या जाळीमागं एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग असतो त्याचा, फॅन बिघडलेला निघाला, मोटारीचे कार्बन झिजले होते. एक करून बघा. गरम वारा सुरू झाला की गाडी सावलीत थांबवून पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर बाटलीभर पाणी मारा. लगेच गार लागायला लागलं तर गडबड तिथंच आहे असं समजा. फॅनच्या पात्यावर आणि वायरवर पाणी जाऊ देऊ नका तेवढं.

---

गारवा (उद्यमबाग), रविवार सकाळ

मी बेळगावात गाड्यांच्या एसीचं काम करतो, २२ वर्षं झाली. तुमचं सगळं दोनदा वाचलं. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की निम्मं काम तिथंच झालंय. सगळे असं सांगत नाहीत.

आधी गॅसचं बोलतो, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कंप्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाऊन त्याचा द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटला की कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि उकळताना केबिनमधली उष्णता ओढून घेतो. तुमच्या गाडीत आर-१३४ए असणार. तो मोकळ्या हवेत उणे २६ अंशाला उकळतो, म्हणून त्याला हे जमतं. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठंतरी लीक आहे, आणि लीक न शोधता वरून मारलेला गॅस म्हणजे फुटक्या घागरीत पाणी.

पण तुमची गोष्ट वेगळी दिसते. गॅस कमी असता तर सकाळपासूनच कमी गार लागलं असतं. तुम्हाला पहिली वीस मिनिटं पूर्ण गार मिळतंय. म्हणजे गॅस आहे, आणि कंप्रेसर दाबही तयार करतोय. मधेच कुणीतरी त्याला काम करू देत नाही. ते कोण, एवढंच शोधायचं.

कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असता तर वाऱ्याचा जोर हळूहळू मेला असता. तुम्ही जोर तेवढाच म्हणता, तेव्हा बर्फ बाजूला ठेवू. कंडेन्सरचा फॅन बंद असता तर अथणीच्या भावांसारखं थांबल्यावर गरम आणि पळताना गार लागलं असतं. तुमचं पळताना जातंय, म्हणून फॅन पहिला संशयित नाही, पण तो फिरतो का ते बघून ठेवा. इंजिन फार तापलं तरी काही गाड्या स्वतःच एसी तोडतात, म्हणून त्या वेळी तापमानाचा काटा कुठं असतो तेही लिहा.

उरतात दोन. एक, पहिल्या मिस्त्रीनं वजन न करता गॅस मारलाय. गॅस जास्त झाला तर दुपारच्या उन्हात दाब चढतो आणि प्रेशर स्विच कंप्रेसर तोडतो. पण त्रास गॅस भरायच्या आधीपासून आहे, त्यामुळे मूळ कारण ते नसावं. दुसरं, आणि माझा संशय यावरच आहे, कंप्रेसरची क्लच प्लेट.

कंप्रेसरची पुली बेल्टवर कायम फिरत असते. पुढं एक वेगळी प्लेट असते. एसी लावला की आतल्या तारेच्या गुंडाळीत, म्हणजे क्लचच्या कॉइलमध्ये, करंट जातो, लोहचुंबक तयार होतो, प्लेट खट्‌कन पुलीला चिकटते आणि मग कंप्रेसर फिरतो. या दोघांमध्ये कागदाच्या दोन-चार घड्यांएवढी फट असते. गाडीगाडीला माप वेगळं, पण साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर. नव्वद हजार किलोमीटरमध्ये प्लेट घासून घासून फट वाढते. थंड असताना कॉइल जोर लावून ओढते. पण तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, ऐंशी अंशांनी तापलं तर जवळपास ३० टक्के. त्यामुळे करंट कमी, ओढही कमी. एकदा चिकटलेली प्लेट चिकटून राहते, पण गारवा पुरेसा झाला की थर्मोस्टॅट तिला सोडवतो, आणि नंतर परत बोलावलं की ती फटीपलीकडून येत नाही. इंजिनची वाफ निवेपर्यंत अशीच लोंबत राहते. तुम्ही बॉनेट उघडून चहा पिता तेवढ्या वेळात ती निवते.

हे असेल तर कंप्रेसर बदलायचा नसतो. प्लेट काढून तिच्या मागचा पातळ वायसर, आम्ही शिम म्हणतो, तो एक कमी केला की फट जागेवर येते. तासाभराचं काम.

बघायचं कसं? आप्पांना घेऊन हे करू नका. एकटे जा, दुपारी. गरम वारा सुरू झाला की गाडी सावलीत लावा, इंजिन आणि एसी चालूच ठेवा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा आणि लांबून कंप्रेसरकडं बघा. गळ्यात उपरणं, टॉवेल काही नको, बाह्या सैल नकोत, हात पाठीमागं. पुली फिरतेय आणि पुढची प्लेट मधोमध स्थिर उभी आहे असं दिसलं तर मला कळवा. जमलं तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून कंप्रेसरच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावून घ्या. प्लेट उभी असताना लॅम्प पेटला तर करंट येतोय पण प्लेट ओढली जात नाही, म्हणजे दोष क्लचमध्ये. लॅम्प पेटला नाही तर स्विच, रिले, थर्मोस्टॅट यांच्या मागं लागायचं.

तोवर १९,००० खिशातच राहू देत.

---

खानापूरची सून, रविवार दुपार

मशीनमधलं मला कळत नाही, पण डायलिसिसचं कळतं. माझ्या सासूबाईंना चार वर्षं बेळगावला नेत होतो, त्यातली दोन वर्षं एसी नसलेल्या गाडीतून. म्हणून लिहायला बसले.

पहिलं म्हणजे, युनिटमधल्या सिस्टरना सांगून सकाळची पहिली पाळी मागा. आम्ही तीनदा मागितली तेव्हा मिळाली, पण मिळाली. पहाटे चारला उठावं लागतं, पण साडेअकराला तुम्ही घरी असता. ऊन चढायच्या आत. गाडी दुरुस्त झाली तरी हे मागाच.

ओला टॉवेल तुम्ही ठेवलात ते बरोबर केलंत. सुती पंचा पाण्यातून पिळून मानेवर आणि पायांच्या पोटऱ्यांवर, आणि काच दोन बोटं उघडी. आपल्याकडं एप्रिलात हवा कोरडी असते, पाणी पटकन उडतं आणि अंग निवतं. ज्या हाताला फिश्चुला (डायलिसिसच्या सुईसाठी जोडून केलेली शीर) आहे त्या हातावर मात्र काही घट्ट गुंडाळू नका, आणि तो हात डोक्याखाली घेऊन झोपू देऊ नका. सासूबाईंना ती सवय होती, मी सारखी हात काढत बसायची.

तहान लागली की आम्ही बर्फाचे खडे द्यायचो, पण ते पाणीच असतं, मोजात धरायचं. एक लहान वाटी खडे, संपली की संपली. लिंबाची फोड नुसती ओठाला लावली तरी तोंडाला पाणी सुटायचं आणि तहान दबायची. नारळपाणी कुणी कितीही आग्रहानं दिलं तरी नको, त्यात पोटॅशियम असतं, ते डायलिसिसवाल्यांना चालत नाही. वाटेत हातगाडीवाला स्वतःहून शहाळं फोडून पुढं करायचा, त्याला नको म्हणताना मला फार वाईट वाटायचं.

आणि गाडी उन्हात उभी करू नका. हॉस्पिटलबाहेर सावलीची जागा सकाळी सहाला मिळते, आठनंतर नाही. निघायच्या आधी सगळी दारं उघडून पाच मिनिटं गाडीची वाफ जाऊ द्या, मगच आप्पांना बसवा. खिडकीला जुनं सुती लुगडं दुमडून लावायचो आम्ही, विकतच्या जाळीपेक्षा बरं. ड्रायव्हरच्या बाजूला मात्र नको.

आप्पांना माझा नमस्कार सांगा.

---

हिरण्यकेशीकाठ, सोमवार रात्री

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे मानू. आप्पा बरे आहेत. सूनबाईंचा निरोप सांगितला, तर खानापूरचं नाव ऐकून तासभर तिकडच्या पाहुण्यांच्या गोष्टी सांगत बसले.

आज दुपारी अडतीवरून दोन तासांची सुट्टी घेतली आणि एकटा गाडी घेऊन बाहेर पडलो. संकेश्वर ते वंटमुरी घाटाचा पायथा, आणि परत. दोन वाजता निघालो. तेविसाव्या मिनिटाला गार गेलं. घड्याळ लावून बसलो होतो. तापमानाचा काटा मधोमध. हत्तरगीच्या अलीकडं चिंचेच्या झाडाखाली गाडी लावली, उपरणं काढून सीटवर ठेवलं आणि बॉनेट उघडलं.

गारवासाहेब, तुम्ही लिहिलं तसंच. पुली गरगर फिरत होती आणि पुढची प्लेट जागच्या जागी उभी. तिच्यावर गंजाचा एक ठिपका आहे, तो ठिपका हलत नव्हता. मी पाच मिनिटं त्या ठिपक्याकडं बघत उभा राहिलो. कंडेन्सरचा फॅन व्यवस्थित फिरत होता. अथणीच्या भावांनी सांगितलं तसं जाळीतून बाटलीभर पाणी मारलं, काही फरक नाही. मग इंजिन बंद केलं, बॉनेट उघडं ठेवून अठरा मिनिटं थांबलो, इंजिन चालू करून एसी लावला. खट् असा आवाज आला आणि तो ठिपका दिसेनासा झाला, नुसतं एक तांबूस वर्तुळ दिसायला लागलं. चार वर्षं हा खट् आवाज मी ऐकतोय, तो कशाचा ते आज कळलं.

येताना ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडं गेलो. तोवर पुन्हा बंद पडलं होतं. त्यानं टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प पेटला, प्लेट उभीच.

आणखी एक सापडलं. त्यानं ग्लोव्ह बॉक्स काढून केबिनचा फिल्टर दाखवला. तो लालभडक. मी कधीमधी गाडीतून मिरचीची पोती नेतो, संकेश्वरी मिरचीचा सगळा खकाणा त्यात जाऊन बसला होता. आप्पा गाडीत बसले की खोकायचे, आम्ही ते आजारपणाचं समजत होतो. फिल्टर टाकून दिला, नवीन बसवला. इथून पुढं त्या गाडीत मिरचीचं एकही पोतं जाणार नाही.

उद्या मंगळवार. गाडी दुरुस्त नसल्यामुळे उद्यापुरती शेजाऱ्यांची गाडी मिळवलीय. गारवासाहेब, तुमच्याकडं कधी येऊ? आणि येताना गाडी गरम हवी का थंड?

---

गारवा (उद्यमबाग), सोमवार रात्री

थंड हवी. बुधवारी सकाळी आठला आणा, रात्रभर उभी असलेली चालेल, मी इथं निवू देतो. फट थंड असतानाच मोजायची. आणि आत भरलेला गॅसही काढून तोलून बघू. बॉनेटखाली एक स्टिकर असतो, त्यावर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. दाबाच्या काट्यावरून अंदाजानं गॅस भरणाऱ्याला मी दोष देत नाही, सगळ्यांकडं गॅस तोलायचं मशीन नसतं. पण लहान गाडीत गॅस तीनशे-चारशे ग्रॅमच मावतो, त्यात पन्नास-शंभर इकडंतिकडं झाले तर फार होतात.

क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्सही मोजू. तीन-चार ओहमच्या आसपास आला तर कॉइल चांगली.

---

अथणीचा गडी, सोमवार रात्री

गॅस जास्त झाला असेल तर त्यासाठी बेळगाव कशाला? बारीक टोच्यानं व्हॉल्व्हची पिन दाबून थोडा सोडून द्यायचा. आमच्याकडं सगळे तसंच करतात.

---

गारवा (उद्यमबाग), मंगळवार सकाळ

तसं करू नका भाऊ, कळकळीनं सांगतो. एक म्हणजे तो सुटताना बोटावर आला तर जागच्या जागी बर्फ होऊन कातडी जाते. डोळ्यात गेला तर डोळा. माझ्या उजव्या अंगठ्यावर पांढरा डाग आहे, मी शिकत होतो तेव्हाचा. दुसरं, गॅसबरोबर ऑइलही बाहेर येतं आणि किती आलं ते कळत नाही. कंप्रेसर त्या ऑइलवर जगतो.

आणि तिसरं. जुना आर-१२ ओझोनचा थर खायचा, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण पृथ्वी तापवायला तो कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट, शंभर वर्षांचा हिशेब धरून. साडेतीनशे ग्रॅम हवेत सोडले तर पाचशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. उन्हाळा असा वाढत चाललाय आणि त्यात गारव्याचं काम करणाऱ्यांनीच भर घालायची, हे मला सहन होत नाही. मी मशीन कर्ज काढून घेतलं ते याचसाठी. गॅस त्यात ओढून घेतो, गाळतो आणि त्याच गाडीत तोलून परत भरतो.

---

अथणीचा गडी, मंगळवार सकाळ

हे मला माहीत नव्हतं. आता कुणी तसं करताना दिसला तर मी थांबवीन.

---

हिरण्यकेशीकाठ, शुक्रवार रात्री

आज लिहायला थोडा उशीर झाला, आत्ताच आप्पांना जेवण देऊन बसलोय.

बुधवारी सकाळी गाडी घेऊन गेलो. तिथं जे बघितलं ते सविस्तर लिहितो, माझ्यासारख्या कुणाला उपयोगी पडेल.

आधी त्यांनी गाडी दोन तास बॉनेट उघडून तशीच ठेवली, हात लावला नाही. मग फीलर गेजची पातळ पात्यांची पट्टी काढली. ०.५ चं पातं प्लेट आणि पुलीच्या मधे घातलं, सळसळत गेलं. ०.७ गेलं. ०.९ सुद्धा गेलं, थोडं अडून. तीन ठिकाणी मोजलं, सगळीकडं तेच. कॉइल मोजली, ३.६ ओहम. "कॉइल चांगली आहे, मास्तर, फट दुप्पट झालीय," म्हणाले. मी मास्तर नाही, पण हिशेब लिहितो म्हणून त्यांनी तेच धरलं.

मग मधला बोल्ट सोडून प्लेट ओढून काढली. तिच्या मागं दांड्यावर दोन शिम होते, पितळी बांगडीसारखे, पण नखाएवढे जाड. त्यातला एक काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी तो बोटांत धरून बघत राहिलो. एवढ्याशा बांगडीसाठी आप्पा घाटात बेशुद्ध पडले होते. प्लेटचा आणि पुलीचा चेहरा बारीक पॉलिश पेपरनं साफ केला, प्लेट परत बसवली, मोजलं. ०.४, तिन्ही ठिकाणी.

मग गॅस ओढून घेतला. स्टिकरवर ३५० ग्रॅम, निघाला ४२५. म्हणजे पहिल्या मिस्त्रीनं मारलेला जवळपास सगळाच जास्तीचा होता, गॅस कधी कमी नव्हताच. व्हॅक्यूम पंप चाळीस मिनिटं चालवून ठेवला, काटा खाली राहतो का ते बघितलं, हलला नाही, म्हणजे लीक नाही. मग तोलून बरोबर ३५० भरला. आम्ही पंप चालू असताना बाजूच्या टपरीवर चहा घेतला, तेव्हा त्यांनी मला आप्पांबद्दलच जास्त विचारलं. त्यांचे वडीलही किडनीनंच गेले, हे त्यांनी इथं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं तर चालेल का असं विचारूनच लिहितोय.

सगळं मिळून ९५० रुपये. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत.

आज शुक्रवार. पहिल्या पाळीसाठी अर्ज दिलाय, अजून नंबर लागलेला नाही, त्यामुळे परत निघायला पावणेतीनच झाले. गाडी सकाळपासून सावलीत होती. दारं उघडून वाफ घालवली, दोन मिनिटं काचा खाली ठेवून चालवली, मग काचा वर, एसी आणि आतलीच हवा फिरवायचं बटण. काकती गेली. माझं लक्ष घड्याळावर. घाटात ट्रकच्या मागं अडकलो, इंजिन घरघरत होतं, तेव्हा मात्र छातीत धडधडलं. तेवीस मिनिटं झाली, तीस झाली. गारच. हत्तरगीला टोल भरायला काच खाली केली आणि बाहेरची झळ तोंडावर आली तेव्हा आत किती गार आहे ते समजलं. आप्पा मागून म्हणाले, "बारीक कर की रे जरा."

सूनबाई, लिंबाच्या फोडीचा उपयोग झाला. आज दिवसभरात ८०० मिलीवर निभावलं.

---

खानापूरची सून, शुक्रवार रात्री

वाचून डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या पाळीचा पाठपुरावा सोडू नका, सोमवारी स्वतः जाऊन विचारा, फोनवर होत नाही.

---

अथणीचा गडी, शनिवार सकाळ

फार बरं वाटलं. गारवासाहेब, माझ्या मेव्हण्याच्या गाडीला गार लागतं, पण डाव्या बाजूला पायाशी पाणी साठतं, मॅट भिजते. गॅसचाच त्रास म्हणून परवा भरायला निघालाय. थांबवू काय?

---

गारवा (उद्यमबाग), शनिवार सकाळ

थांबवा, आत्ताच फोन करा. गार लागतंय म्हणजे गॅस ठीक आहे. कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी जमतं, ते बाहेर टाकणारी रबरी नळी बुजलीय. गाडी खालून बघा, डाव्या बाजूला इंजिनच्या भिंतीतून बोटाएवढी नळी बाहेर आलेली असते. त्यात पालापाचोळा नाहीतर कुंभारमाशीचं मातीचं घर असणार. मऊ वायर हळूच फिरवा, जोर लावू नका, वर कॉइल आहे. चहाच्या कपभर पाणी भस्सकन बाहेर आलं की झालं.